न उठणारा बाजार

मागच्या महिन्यात ताईचा मिरजेहून फोन आला. "तू एकदा येऊन बोल त्याच्याशी. तुझं ऐकेल." तो म्हणजे माझा भाचा. वय चौदा. मोबाइलवरच्या कुठल्याशा खेळात तो एका राज्याचा धनुर्धारी आहे आणि रात्री साडेअकराला त्याच्या पांघरुणातून उजेड येतो. ताईनं शब्द वापरला तो 'व्यसन'. रविवारी येतो म्हटलं, फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. हाच शब्द, जवळजवळ याच आवाजात, आईनं माझ्याबद्दल वापरलेला मी दाराआडून ऐकला होता. 2008 साली, सांगलीत, विश्रामबागच्या आमच्या जुन्या घरात.

त्या शब्दावर माझा तेव्हाही आक्षेप होता आणि थोडा आजही आहे. पण आई खोटं बोलत नव्हती.

सुरुवात पुरापासून करायला हवी. 2005 च्या पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली तेव्हा मी अकरावीत होतो. बाबा गणपती पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. आमच्याकडे हळद साठवायची जुनी पद्धत म्हणजे पेव. हरिपूर आणि सांगलीवाडीच्या जमिनीत खणलेले खोल खड्डे, तोंड अरुंद, आत पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आधी आतली हवा जाऊ द्यायची, हे मला लहानपणापासून माहीत. त्या वर्षी पाणी पेवांत गेलं. हरिपूरची बरीचशी पेवं कायमची निकामी झाली. बाबांच्या मालकांचा माल गेला आणि पुढची दोन वर्षं घरात पगाराची तारीख कुणी उच्चारायचं नाही असा अलिखित नियम झाला.

हे सांगतोय कारण पुढच्या मे महिन्यात मला जो खेळ सापडला त्यात मी पहिल्यांदा काय केलं, तर झाड तोडलं. आणि झाड तोडल्यावर लाकूड मिळालं. प्रत्येक वेळी.

खेळाचं नाव रूनस्केप. इंग्लंडमधल्या गॉवर बंधूंनी 2001 साली सुरू केलेला. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी एकाच दुनियेत वावरतात, प्रत्येकाचं एक पात्र, त्या पात्रानं लढायचं, मासे धरायचे, लोखंड वितळवायचं, व्यापार करायचा, भटकायचं. डाउनलोड काही करायला लागत नसे, ब्राउझरमध्ये उघडायचा. म्हणून तर कॉलेज कॉर्नरजवळच्या कॅफेतल्या मरतुकड्या कॉम्प्युटरवरही तो चालायचा. तासाला पंधरा रुपये. मध्येच भारनियमनाची वेळ झाली की स्क्रीन काळा, पंखा बंद, आणि सगळा कॅफे एका सुरात हळहळायचा.

ड्रेनॉर नावाच्या गावात पाण्याकाठी विलोची झाडं होती आणि शेजारीच पेढी. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतं, त्याच कुळातलं ते झाड. तोडायचं, ओंडके पेढीत ठेवायचे, परत यायचं. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर तो विचारतो, यात मजा काय? मजा होती, आणि ती मी अजून कुणाला नीट समजावून देऊ शकलेलो नाही. घाव बसायचा, कधी एका दमात तीन ओंडके मिळायचे, कधी वाट बघायला लागायची, आणि एका कोपऱ्यात माझ्या कष्टाचा आकडा वाढत राहायचा. पूर नाही, भाव पडणं नाही, मालक नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या बापाच्या मेहनतीचं काय झालं हे नुकतंच दिसलेलं असताना, मेहनत कधीच वाया न जाणारी जागा सापडावी, ही लहान गोष्ट नव्हती.

त्या आकड्याविषयी थोडं सांगायलाच हवं. प्रत्येक कसबाच्या 99 पायऱ्या. शेवटच्या पायरीला 1,30,34,431 गुण लागायचे. विलोच्या एका ओंडक्याला साडेसदुसष्ट गुण. नुसत्या विलोवर 99 गाठायचं तर सुमारे 1 लाख 93 हजार ओंडके. आणि गणिताची रचना अशी, की सुरुवातीच्या पायऱ्या मिनिटांत चढायच्या, पुढच्या तासांत, त्यापुढच्या दिवसांत. 92 व्या पायरीवर गुण होतात 65,17,253. म्हणजे बरोबर अर्धा रस्ता. बाहेरून बघणाऱ्याला शिखर हाताशी आल्यासारखं वाटतं आणि चालणाऱ्याला माहीत असतं की जेवढं चाललो तेवढंच अजून उरलंय.

पण नुसत्या आकड्यानं मी तीन वर्षं तिथं थांबलो नसतो. त्या झाडांखाली माणसं असायची. मी मराठी माध्यमाचा. इंग्रजीच्या तासाला बाकावरून उभं राहायला सांगितलं की घशाला कोरड पडायची. इथं कुणी माझा चेहरा बघत नव्हतं, उच्चार ऐकत नव्हतं. पहिलं वाक्य मी टाइप केलं ते 'सेलिंग लॉब्स', म्हणजे लॉबस्टर विकायचे आहेत, आणि कुणीतरी सरळ भाव विचारला. त्या दिवशी घरी जाताना मी सायकल हवेत चालवली असेल. वर्षभरात मी स्कॉटलंडमधल्या एका गोदामाच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याशी रोज बोलत होतो. पन्नाशीचा माणूस. त्याला हळदीचं गोदाम कसं असतं हे ऐकायचं असायचं. पेवाचं वर्णन मी त्याला तोडक्यामोडक्या इंग्रजीत केलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की त्याच्या आजोबांच्या शेतावर बटाटे मातीत पुरून ठेवत. ओंडके पडत राहिले आणि आम्ही दोघं आपापल्या गावची माती एकमेकांना दाखवत राहिलो.

रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये अशा खेळातल्या माणसांचे चार प्रकार मांडले होते. कमावणारे, धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्याला पाडणारे. बार्टल आणि रॉय ट्रबशॉ यांनीच 1978 साली एसेक्स विद्यापीठात या सगळ्या खेळांचा मूळपुरुष बनवला, नुसत्या शब्दांचा, चित्राविना. मी स्वतःला कमावणारा समजत होतो. मी तिसऱ्या प्रकारातला होतो हे फार उशिरा कळलं.

आणि सोंग घेण्याचं म्हणाल, तर ते सांगलीकराला कुणी शिकवायला नको. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिलं मराठी नाटक उभं केलं. बालगंधर्व याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. पुरुषानं शालू नेसून उभं राहावं आणि भरल्या थिएटरनं ते मानावं, वन्समोअर घेत घेत रात्र सरावी, पदरचे पैसे संपले तरी दुसऱ्या रात्री पुन्हा पिटात हजर व्हावं, हे आमच्या पणजोबांच्या पिढीनं केलेलं आहे. त्याला घरच्यांनी त्या काळी व्यसनच म्हटलं असणार. आपल्याकडे त्यासाठी जास्त नेमका शब्द आहे, 'नाद'. आवाजही नाद आणि ओढही नाद. एखादा सूर बंद झाल्यावरही कानात राहतो, तसं. मला नाद होता हे मी कधीही कबूल केलं असतं.

इंजिनिअरिंगला गेल्यावर पतसंस्थेचं कर्ज काढून बाबांनी कॉम्प्युटर घेतला. आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर फुकट असायचा. दिवसा भारनियमन, रात्री फुकट. आपले रात्रीचे दोन म्हणजे हिवाळ्यात इंग्लंडमधले साडेआठ, सगळे जेवूनखाऊन खेळायला बसायची वेळ. मी गजर लावून उठायचो. आवाज नको म्हणून गजराचं घड्याळ उशीखाली ठेवायचो आणि कीबोर्डखाली टॉवेल पसरायचो.

हा टॉवेल मला आता सगळ्यात जास्त बोलतो. नाटकाला जाणारा माणूस दार उघडून, चपला वाजवत जातो.

पुण्याच्या चुलतभावाच्या क्रेडिट कार्डावर मी पैसे भरून खेळायला लागलो, तेव्हा खेळाची जात बदलली. आता टोळीनं जायचं, एका राक्षसाला पुन्हा पुन्हा मारायचं आणि क्वचित मिळणाऱ्या वस्तूची वाट बघायची. काही वस्तू साधारण पाचशे वेळा मारल्यावर एखाद्या वेळी पडतात. पाचशेव्या वेळी पडेलच असं नाही, पहिल्या वेळीही पडेल, हजाराव्या वेळीही नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर हेच दाखवलं होतं. दाणा ठरावीक टोचींनंतर मिळाला तर पाखरू मध्ये विसावा घेतं. कधी मिळेल ते अनिश्चित ठेवलं तर ते विसाव्याविना टोचत राहतं. झाड तोडण्यात मला मिळत होती ती खात्री. इथं बरोबर उलटं होतं, आणि मी त्याच उत्साहानं, त्याच टॉवेलवर हात ठेवून बसलो होतो. फरक मला जाणवलाही नाही.

असे खेळ बनवणारी माणसं हुशार असतात आणि सगळीच वाईट नसतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा या जातीतला सर्वांत गाजलेला खेळ 2004 साली आला. बनत असताना त्यात एक नियम होता, फार वेळ खेळलं की मिळणारे गुण निम्मे व्हायचे. माणसानं उठावं हाच हेतू. चाचणी घेणाऱ्या खेळाडूंनी त्याला शिक्षा म्हटलं. मग बनवणाऱ्यांनी पाटी उलटी केली. जे गुण 'पूर्ण' होते त्यांना 'विश्रांतीचे दुप्पट गुण' म्हटलं आणि जे 'निम्मे' होते ते 'नेहमीचे' झाले. आकडे जवळपास तेच, तक्रार संपली. ही गोष्ट वाचली तेव्हा मी एकाच वेळी थक्कही झालो आणि बेचैनही. माणसाच्या मनाची नस इतकी सापडलेली माणसं ती कुठल्याही बाजूनं दाबू शकतात.

2008 च्या जानेवारीतली एक पहाट. बाबा फिरायला जायला साडेचारला उठले आणि पाणी प्यायला येताना मी दिसलो. ओरडले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले. मी ग्रँड एक्स्चेंजमध्ये माल लावत होतो. हा खेळातला मध्यवर्ती बाजार, दोनच महिन्यांपूर्वी सुरू झालेला.

"काय विकतोयस?"

"मासे. लॉबस्टर."

"घेणारा कोण?"

"ते कळत नाही. कुणीही."

"मग भाव कोण ठरवतंय?"

मी सांगितलं, खेळ एक भाव दाखवतो, त्याच्या पाच टक्के वर किंवा पाच टक्के खाली जाता येतं, त्यापलीकडे नाही. बाबांनी स्क्रीनकडे बघत मान हलवली. "मग हा सौदा नव्हे. हे रेशनचं दुकान झालं." त्यांचं बरोबर होतं. खरे पैसे घेऊन खेळातलं सोनं विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, त्याला आवर घालायला कंपनीनं तेव्हा मोकळा व्यापारच आवळला होता, आणि तो पुन्हा मोकळा झाला 2011 मध्ये. ज्या माणसानं आयुष्यात माउस धरला नव्हता त्याला ते दोन प्रश्नांत उमजलं.

मला फार आनंद झाला. पहिल्यांदाच कुणीतरी घरातलं माणूस माझ्या त्या गावात आलं होतं. मी त्यांना पेढी दाखवली, झाडं दाखवली. मग त्यांनी विचारलं, "बाजार उठतो किती वाजता?"

"उठत नाही, बाबा. चोवीस तास चालू."

ते गप्प झाले. मफलर गुंडाळत उठले आणि दारात थांबून म्हणाले, "उठत नाही तो कसला बाजार रे? मग हिशोब कधी करायचा?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. बाबांचं सगळं आयुष्य सौदे उठल्यानंतरच्या दोन तासांत होतं. माल गेला, माणसं पांगली, झाडलोट झाली, की मग चोपडी उघडायची, दिव्याखाली बसायचं आणि आज काय झालं ते मांडायचं. नाटकाची रात्र कितीही लांबली तरी पडदा पडतो. मैफल पहाटेपर्यंत चालली तरी भैरवी येते, आणि भैरवी लागली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं ते त्यामुळंच. माझ्या दुनियेत भैरवी नव्हती. मी झोपलो तरी ती चालू, मी पेपरला बसलो तरी चालू, आणि मी नसताना तिथं काय काय चाललं असेल याची टोचणी मला वर्गात, बसमध्ये, ताटावर लागायची. मी खेळत होतो ते तास बाजूला ठेवू. खेळत नसतानाचे तासही माझे उरले नव्हते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आईला ताप होता. बाबा वसुलीला जतकडे गेलेले. आईनं खोलीतून हाक मारली, क्रोसिन संपलीय, कोपऱ्यावरून आणतोस का. आमची टोळी आत उतरली होती आणि या खेळाला थांबवायची सोय नसते. एकट्याचा खेळ असता तर तिथल्या तिथं गोठवून उठता आलं असतं. इथं मी उठलो तर बाकीचे मरणार. "पाच मिनिटं," मी म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, मी पुन्हा तेच म्हणालो. मग बाहेरच्या दाराची कडी वाजली. आई स्वतः गेली होती, शाल गुंडाळून. परत आली, पाणी घेतलं, गोळी घेतली, काही बोलली नाही. स्क्रीनवर मला सात जणांनी शाबासकी दिली होती.

जूनमध्ये वायडी, म्हणजे इयर डाउन, लागली. विषय राहणं वेगळं आणि वर्ष जाणं वेगळं, इंजिनिअरिंग केलेल्यांना माहीत आहे. मित्र पुढच्या वर्गात गेले. दाराआडून 'व्यसन' ऐकलं ते त्याच आठवड्यात.

जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली ती 2019 मध्ये, आणि ती यादी लागू झाली 1 जानेवारी 2022 पासून. मी ती व्याख्या शोधून वाचली. तिच्यात तासांचा आकडा कुठंच नाही. तीन गोष्टी आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं. बाकीच्या आवडींपेक्षा आणि रोजच्या कामांपेक्षा खेळ वरचढ होत जाणं. आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. हे सगळं साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. मी ओळीवर बोट ठेवून वाचलं. वर्षभराच्या अटीपाशी बोट थांबलं, आणि मी जून ते जून मोजले. बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यासाठी 2014 पासून वेगळा दवाखाना आहे. आमच्या वेळी असता आणि सांगलीत असता, तरी आईला तो सुचला नसता. तिला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलं.

सुटलो कसा, तर एका रात्रीत नाही. स्कॉटलंडचा तो पहारेकरी 2009 च्या उन्हाळ्यात यायचा बंद झाला. मित्रांच्या यादीत जो हजर नसेल त्याचं नाव लाल दिसायचं. त्याचं नाव लाल झालं आणि लालच राहिलं. काय झालं कधीच कळलं नाही, त्याचं खरं आडनावही मला माहीत नव्हतं. पुढं कित्येक महिने मी रोज उठून आत जायचो, यादी उघडायचो, लाल नाव बघायचो. झाड तोडत नव्हतो, लढत नव्हतो, कुणाशी बोलत नव्हतो. कधीतरी ड्रेनॉरच्या पाण्याकाठी पात्र नुसतं उभं असताना लक्षात आलं, की खेळ कधीच संपलाय आणि मी पहाऱ्यावर बसलोय. मजा होती तोवर मी आईला फसवत होतो. त्यानंतर फसवण्याइतकंही काही उरलं नव्हतं. गजर लावायचा राहून गेला. आधी एक दिवस, मग आठवडा. डिग्री पूर्ण झाल्यावर कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली.

ती वर्षं फुकट गेली असं मला कुणी म्हटलं तर मी अजूनही भांडतो. एका मुलाचा आवाज तिथं फुटला. माझ्या हातून आईला जे सोसावं लागलं तेही तिथंच झालं, आणि एका गोष्टीनं दुसरी खोडली जात नाही.

रविवारी मिरजेला गेलो. भाचा आधी आक्रसला. मी म्हटलं, "दाखव तरी." त्यानं फोन पुढं केला. धनुर्धारी एका दरीत लढत होता आणि भाच्याचे दोन्ही हात रिकामे होते.

"हे कोण खेळतंय?"

"ऑटोवर आहे, मामा. आपोआप लढतो."

"मग तू काय करतोस?"

"मधेमधे बक्षिसं गोळा करतो. रोज यायला लागतं, एक दिवस चुकला तर साखळी तुटते."

माझ्या मनात काहीतरी थंड उतरलं. झाड निदान मला तोडायला लागायचं. इथं खेळणाराच काढून टाकलाय, आणि उरलीय ती फक्त हजेरी. मी काही बोललो नाही. विचारलं, "यातलं सगळ्यात भारी काय?"

त्याचा चेहराच पालटला. शनिवारी रात्री नऊ ते साडेनऊ दोन गटांची लढाई असते. तेव्हा ऑटो चालत नाही, सगळं हातानं. त्यांच्या गटात नगरचा एक, इंदूरचे दोघं, आणि फाटक उघडायचं काम याच्याकडे. तो उभा राहून हातवारे करत सांगू लागला, आणि मी त्याला मध्ये तोडलं नाही.

"साडेनऊनंतर काय करता?"

"थोडा वेळ बोलतो सगळे. कोण कुठं चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं."

मी आत स्वयंपाकघरात गेलो. ताई भाकरी थापत होती. म्हटलं, शनिवारचं जेवण सव्वाआठला घेता येईल का. आणि पावणेदहाला फोन तुझ्याकडे, हे मी त्याच्याशी बोलतो. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "एवढंच?" मी म्हटलं, "आधी एवढं बघू. पुढच्या रविवारी पुन्हा येतो. रोजच्या हजेरीचं तेव्हा."

बाहेर आलो तर भाचा वाट बघत होता. "मामा, तू कोण होतास? लढणारा?"

"लाकूडतोड्या."

"नुसता? किती लेव्हलपर्यंत?"

"99 पैकी 92."

"म्हणजे होतच आलेलं की!"

"नाही," मी म्हटलं, "निम्मं झालं होतं."

त्यानं फोन सतरंजीवर उलटा ठेवला आणि दप्तरातून वही काढली. "कसं काय? दाखव बघू."